मंदार मुद्दाम करत नाहीये

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र मिळालं. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

तुझी तक्रार समजली. स्कॅन ठीक आहे, हातपाय चालतात, बोलणं साफ आहे, मग दुपार झाली की मंदार दार लावून अंधारात का बसतो, आईवर आवाज का चढवतो, सांगितलेलं काम अर्धवट का टाकतो. इथपर्यंत ठीक. पण पुढे तू लिहिलंस, "अपघाताचं निमित्त करून लाड करून घेतोय." ते मला खुपलं. अरे, तो मुद्दाम करत नाहीये. हे तुला पटावं म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

आधी ट्रकने मंदारच्या गाडीला दिलेल्या त्या धडकेचा हिशोब कर, तुला आकडे आवडतात. दीड टनाची कार आणि ३६ टनांचा भरलेला ट्रक, दोन्ही ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर येऊन एकमेकांत रुतले असं धर. ट्रकचा वेग जेमतेम ५ किलोमीटरने कमी होतो. कारचा बदलतो ११५ ने, कारण ती नुसती थांबत नाही, आली त्याच्या उलट दिशेला ५५ च्या वेगाने रेटली जाते. तेही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ट्रकवाल्याला बऱ्याचदा खरचटतही नाही, ते याचमुळे. गाडी ट्रेलरखाली घुसली तर आणखी वाईट. बंपर आणि पुढचा चेपणारा भाग कशाला लागतच नाही, एअरबॅगचा उपयोग होईलच असं नाही, आणि ट्रेलरची कड थेट काचेतून डोक्याच्या उंचीवर येते. मंदार त्यातून वाचला. पण त्याला ट्रकने कडेने मारलं, म्हणजे त्याचं डोकं नुसतं हिसकलं गेलं नाही, ते गर्रकन फिरलं. हे फिरणंच घात करतं.

१९४३ मध्ये होलबर्न नावाच्या ऑक्सफर्डच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू करून पाहिला होता. सरळ रेषेतल्या धक्क्याने त्यावर फारसा ताण येत नव्हता, पिळा दिला की मात्र आतपर्यंत येत होता. खऱ्या मेंदूत तो ताण पेशींच्या लांब धाग्यांवर येतो. त्यातले बरेचसे तिथल्या तिथे तुटत नाहीत. ताणले जातात, सुजतात आणि पुढच्या काही तासांत, दिवसांत सुटतात. सीटी स्कॅनला रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, हे धागे दिसत नाहीत. विशिष्ट पद्धतीने काढलेल्या एमआरआयमध्ये बारीक रक्ताचे ठिपके सापडले तर सापडतात, नाहीतर तोही साफ येतो. तेव्हा स्कॅन ठीक याचा अर्थ एवढाच, की ऑपरेशन करावं असं काही नाही.

शिवाय कवटीचा तळ कपाळामागे आणि कानशिलांच्या बाजूला खडबडीत असतो. मेंदू हलला की मार बसतो तो तिथेच, आणि आपला राग आवरणं, कामाला हात घालणं, एक सोडून दुसरं धरणं, हे सगळं बरंचसं त्याच भागांच्या जिवावर चालतं. आता तुझ्या तक्रारींची यादी पुन्हा वाच.

मी ज्या वॉर्डात थेरपी देतो तिथे एक हिशेबनीस येतात. त्यांनाही ट्रकनेच उडवलं होतं. समोर बेरजांचा कागद ठेवला की पहिली दहा मिनिटं माझ्यापेक्षा भरभर करतात. मग अक्षर लहान व्हायला लागतं, ओळ तिरकी उतरते, हातचा राहून जातो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर कुणी खुर्ची सरकवली तर दोन्ही हात कानांवर. चेहऱ्यावर राग, पण तो खुर्ची सरकवणाऱ्यावर नसतो. निरोगी मेंदू पंख्याची घरघर, बाहेरचे आवाज, शेजारची कुजबुज परस्पर बाजूला सारतो, आपल्याला पत्ताही लागू देत नाही. त्यांना ते सगळं एकाच आवाजात ऐकू येतं. दहा मिनिटांनी बाहेर पडणारा पाहुणा म्हणतो, "काय झालंय यांना? ठणठणीत आहेत की!" दहाच मिनिटं बसलास बाबा.

मंदारचंही तेच होतंय. सकाळी बरा असतो, कारण रात्री झोप झालेली असते. दुपारपर्यंत शिल्लक संपते. तो अंधारात बसतो ते रुसून नव्हे, नाइलाजाने. तेव्हा त्याला दार वाजवून "बाहेर ये, चार माणसांत बस" म्हणू नका. एका वेळी एकच माणूस, एकच काम, टीव्ही बंद. महत्त्वाचं बोलणं सकाळी. लांबलचक सूचना देऊ नका, कागदावर लिहून द्या. आणि "मी ठीक आहे, मला काही झालेलं नाही" असं तो म्हणाला तर ते खोटं बोलणंही नाही आणि हट्टही नाही. स्वतःतला बदल ओळखणं हेही मेंदूचंच काम आहे.

दाखल करताना त्याचा ग्लासगो स्कोअर १३ होता म्हणून "सौम्य" लिहिलंय, असं तू म्हणतोस. १९७४ मध्ये आलेलं हे मोजमाप आहे. डोळे, बोलणं आणि हालचाल, ३ पासून १५ पर्यंत. शुद्धीचा अंदाज घ्यायला उत्तम, मी रोज वापरतो. पण सहा महिन्यांनी माणूस ऑफिसात बसू शकेल का, हे ते सांगत नाही. त्याहून चांगला अंदाज येतो तो अपघातानंतर किती काळ त्याला सलग आठवत नाही यावरून. मंदारला दवाखान्यातले पहिले चार दिवस आठवत नाहीत ना? एका दिवसाच्या वर गेलं की प्रकरण सौम्य राहत नाही. हे डॉक्टरांच्या कानावर घाल.

आणखी एक. त्याला फिट येऊ नये म्हणून गोळी चालू आहे. ती लेव्हेटिरासिटाम असेल तर तिच्याने काही जणांची चिडचिड वाढते. कृपा करून परस्पर बंद करू नका, त्यात फिट येण्याचा धोका आहे. पण डॉक्टरांना विचारा, बदलता येते. थकवा फारच असेल तर हार्मोन्सची रक्ततपासणीही सुचव, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला मार बसलेला असू शकतो. वास येतो का तेही बघा. बऱ्याच जणांचा जातो, आणि गॅस गळतोय हे कळत नाही. गाडी आणि दारू, दोन्ही पूर्ण बंद. पुन्हा डोक्याला मार बसता कामा नये.

आता विम्याचं. विमा कंपनीचा माणूस दुसऱ्यांदा घरी येऊन गेला आणि तू तडजोडीच्या कागदावर सही करायच्या बेतात आहेस, म्हणे "एकदाचं मिटवून टाकू". मिटवू नकोस. आज भरपाई ठरते ती मोडलेल्या बरगड्यांची आणि गाडीची. मंदार पूर्वीचं काम पूर्वीसारखं करू शकतो की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून सविस्तर चाचण्या करून घे. त्यात लक्ष, स्मरण, कामाचा वेग हे आकड्यांत येतं, आणि स्कॅन साफ असला की कागदावर दाखवायला भक्कम असं तेवढंच हातात राहतं. वकील आधी गाठ, कारण दाव्याला मुदत असते. ट्रकच्या इंजिनातल्या कॉम्प्युटरमध्ये वेगाची, ब्रेकची नोंद राहू शकते, पण ट्रक पुन्हा रस्त्यावर धावला की ती पुसली जाऊ शकते. ती आणि ड्रायव्हरच्या तासांची नोंदवही जपून ठेवा, अशी लेखी नोटीस लगेच जायला हवी. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो, हे १९९७ सालच्या एका अभ्यासात दाखवलंय. तो ड्रायव्हर किती तास जागा होता आणि त्याला कुणी जागं ठेवलं होतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सगळं त्या बिचाऱ्याच्या माथी मारून मालक नामानिराळा राहतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय.

वैशालीबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. ज्याच्याशी लग्न झालं तो माणूस घरात आहे आणि नाही, अशी तिची अवस्था आहे, आणि सगळे तिला म्हणतात, "नशीब, जीव वाचला." आठवड्यातून एक दिवस तू मंदारजवळ थांब आणि तिला बाहेर पाठव. कुठे जाते ते विचारू नकोस.

तिलाच एक वही घालायला सांग. झोप किती, डोकं कधी दुखलं, कशाने चिडला, कोणतं काम अर्धवट राहिलं. तारखेनिशी, दोन ओळी पुरे. डॉक्टर आणि वकील, दोघांनाही ती लागेल. डिस्चार्जचे कागद आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव, रविवारी सकाळी फोन करतो. मंदारला दे, आधी त्याच्याशी बोलेन, मग तुझ्याशी.

आईंना नमस्कार.

तुझा,
अविनाश