साखर म्हणजे नुसतं अन्न नाही हो

मा. संपादक, स.न.

तुमच्या विज्ञान पानावर टिश्यू कल्चरवरचा, म्हणजे वनस्पतीच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवण्यावरचा, लेख वाचला, बरं वाटलं, पण त्यात साखरेचा विषय एका ओळीत उरकलाय, 'वाढीसाठी अन्न म्हणून साखर घालतात' एवढंच, बाकी सगळा लेख हार्मोन्सवर. हार्मोन्सचं महत्त्व मलाही मान्य आहे, सायटोकायनिन हे हार्मोन जास्त असलं की कोंब आणि ऑक्सिन हे हार्मोन जास्त असलं की मुळं, हे स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्येच दाखवलं. पण ज्या पेशींना कोंब काढायचाय त्यांच्याकडे शिदोरी नको का?

थॉर्प आणि मुराशिगे यांनी 1968 मध्ये तंबाखूच्या कॅलसवर, म्हणजे अजून कोंब-मुळं न झालेल्या पेशींच्या गोळ्यावर, हेच दाखवलं. जिथे कोंब फुटणार असतो तिथल्या पेशींमध्ये कोंब दिसायच्या आधीच स्टार्च साठायला लागतो, म्हणजे मीडियममधली (पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक मिश्रणातली) साखर आत जाते, फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि त्यातली बरीचशी स्टार्च होऊन बसते, आणि कोंब आकार घेऊ लागला की हाच साठा झपाट्याने संपतो. जिबरेलिन हे हार्मोन घातलं तर साठाही होत नाही आणि कोंबही येत नाहीत. आयोडिनने स्टार्च निळा-काळा होतो, ते टाकल्यावर कॅलसच्या कापात निळे-काळे ठिपके नेमके एकेका जागी गोळा झालेले मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली पाहिले तेव्हा अर्धा तास उठलेच नाही खुर्चीवरून, आज शिकवताना अजूनही तेच आठवतं.

ही साखर फक्त एनर्जीसाठी जळत नाही, थोडी पेंटोज फॉस्फेट मार्गाने (साखर वापरायच्या पेशीतल्या एका वेगळ्या वाटेने) जाते आणि त्यातून नव्या पेशींच्या डीएनए-आरएनएला लागणारा कच्चा माल मिळतो. शिवाय साखरेने मीडियमचा ऑस्मोटिक दाबही, म्हणजे पेशीत पाणी किती जाईल हे ठरवणारा दाब, सांभाळला जातो. थोडी साखर काढून तिच्या जागी मॅनिटॉल घातलं, जे त्या पेशी खाऊ शकत नाहीत, तरी कोंब येतात, सगळीच काढली तर मात्र नाही.

आणि एक दुरुस्ती छापा प्लीज. 'साखर जितकी जास्त तितके कोंब जास्त' असं लेखात म्हटलंय ते चूक आहे, नेहमीच्या मीडियममध्ये लिटरला 30 ग्रॅम असते, फार वाढवली की पेशींना पाणीच घेता येत नाही आणि वाढ खुंटते. मुलं पेपरात वाचलेलं तसंच वहीत उतरवतात.

- बॉटनी शिकवणारी एक वाचक