पाऊण मार्काची नोट १९२३ ची नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जर्मनीतील १९२३ च्या चलनवाढीवरील आपल्या पुरवणीतील लेखासोबत एका लहानशा गावाने काढलेली रंगीत नोट छापली आहे. लेख उत्तम आहे, परंतु हे चित्र त्या काळाचे नाही. नोटेवर ७५ फेनिग, म्हणजे पाऊण मार्क, असे मूल्य स्वच्छ वाचता येते आणि १९२३ च्या उत्तरार्धात, लाखा-कोटींच्या नोटा हातोहात फिरत असताना, पाऊण मार्काला काहीही मिळत नव्हते.

गावे आणि संस्थांनी काढलेल्या अशा नोटांना जर्मनीत ‘नोटगेल्ड’, म्हणजे अडचणीच्या काळातले पर्यायी चलन, म्हणत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच लोकांनी नाणी दडवली, पुढे धातू युद्धसामग्रीकडे वळला आणि सुट्या पैशांची टंचाई भागवण्यासाठी नगरपालिका, बचत बँका व कारखाने यांनी स्वतःच्या नोटा काढल्या. युद्धानंतर त्यांना संग्राहकांची मागणी येऊ लागली. संग्राहकाने वहीत जपून ठेवलेली नोट वटवायला परत येत नाही, म्हणजे तिची रक्कम गावाच्या तिजोरीतच राहते, हे नगरपालिकांनी अचूक हेरले. म्हणून १९२१-२२ मध्ये खास संग्राहकांसाठी चित्रमालिका निघाल्या, आणि पाऊण मार्कासारखे सरकारी नाण्यांत नसलेले मूल्यही त्यांवर सर्रास दिसू लागले.

त्यांतील कलाकुसर मात्र मनापासून केलेली आहे. हामेल्न गावाने आपल्या दंतकथेतला, उंदरांना आणि मुलांना मागे नेणारा पुंगीवाला छापला. नाउमबुर्गच्या नोटांवर हुसाइट (बोहेमियातील धर्मसुधारक यान हुस याचे अनुयायी) सेनेच्या वेढ्याची दंतकथा आहे: गावाला अभय मागायला निघालेली मुले त्यांत केवळ काळ्या छायाकृतींनी रेखाटली आहेत, आणि तेवढ्याशा कागदावरही ती ओळीने चालताना दिसतात. कापडउद्योगाच्या बीलेफेल्डने तर रेशमावर आणि लिननवर नोटा छापल्या. सगळेच चित्रण निरागस नव्हते. काही नोटांवर ज्यूद्वेष उघड दिसतो, आणि तोही अभ्यासकांनी नजरेआड करू नये.

जुलै १९२२ मध्ये कायद्याने या नोटांवर बंदी आली. पुढच्या वर्षी टंचाईपोटी गावांनी पुन्हा नोटा काढल्या, त्या बहुतांशी घाईने, अनेकदा एकाच बाजूने छापलेल्या आणि अवाढव्य आकड्यांच्या होत्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटेनमार्क हे नवे चलन आले, तेव्हा एका रेंटेनमार्कचा भाव एक लाख कोटी कागदी मार्क ठरला. लेखाला साजेशी ठरली असती ती १९२३ मधली अशी अवाढव्य आकड्याची नोट. पुढील अंकात चित्राखालील मजकूर दुरुस्त करावा, ही विनंती.

आपला,
एक नोटसंग्राहक वाचक