डबे घ्यायला ये, तेव्हा बोलू

पुणे, रविवार रात्र

प्रिय अव्या,

अण्णाने हुरड्याला बोलावलं. हो, आपल्याच अण्णाने. फोनही त्याने स्वतः केला, वहिनीकरवी नाही. "हुरडा आलाय. पोरीला घेऊन ये," एवढं म्हणाला आणि ठेवून दिला. विहिरीवरच्या त्या भांडणानंतर माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य, आणि त्यातही बोलावणं मला आहे की फक्त मनूला, याचा पत्ता नाही. "घेऊन ये" म्हणजे ड्रायव्हर म्हणून ये, असाही अर्थ निघतो.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, माहीत आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच तोंड घालतोस आणि गाडी तुझ्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन थांबते. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. पुढे.

आता न्यायचं काय, यावर आमच्या घरात जो खल झाला तो तू ऐकायला हवा होतास. रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढं नक्की. पेढे नेले तर अण्णा विचारणार, कसले? फळं नेली तर वहिनी म्हणणार, इथे कोणी आजारी नाहीये. साडी आणि टॉवेल-टोपी नेली तर सरळ अर्थ निघणार की आले जमिनीच्या सहीचं बोलायला. कारण सहीच तर मधे बसलीय ना. सातबाऱ्यावर अजून दोघांची नावं. पलीकडच्या गटात रस्त्याचे मोजणीवाले येऊन गेले असं गावाकडचा बबन म्हणाला होता. आणि नेमका याच वर्षी अण्णाला हुरडा आठवला? नीला म्हणते, "तुझं मन कायम तलाठ्याच्या ऑफिसात बाकावर बसलेलं असतं." असेल. पण तू अण्णाला ओळखतोस. तिने त्याला फक्त लग्नकार्यात पाहिलंय.

शेवटी मनू म्हणाली, "बाबा, मी डिप्स करते. चीज फेटून."

मला वाटलं थट्टा करतेय. अण्णासमोर चीज? ज्या माणसाने आपण होस्टेलवरून नेलेला ब्रेड गाईला घातला, त्याच्यासमोर? (तो ब्रेड तू आणला होतास. तू अजून म्हणतोस मी आणला होता. तू होतास.) पण पोरगी ऐकेना. तिचं म्हणणं, हुरड्याबरोबर काय असतं? शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, दही, गूळ. मग चटणी आणि दही एकत्र करून नेलं तर बिघडलं कुठे?

तर ऐक, आता मी या विषयातला जाणकार आहे. मी म्हटलं, ती चौकोनी वडी मिळते चीजची, ती किसून घाल मिक्सरमधे, स्वस्तात होईल. मनू हसली. त्या चीजमधे मुद्दाम क्षार घातलेले असतात म्हणे, तापवलं की एकसारखं वितळावं म्हणून. थंड असताना फेटलं तर ते हलकं होत नाही, नुसते चिवट कण राहतात. फेटायला मऊ चीज लागतं. तिने तीन आणले, म्हणजे दोन आणले आणि तिसरं घरी केलं: एक फेटा चीज, एक क्रीम चीज आणि म्हशीच्या दुधाचं ताजं पनीर. फेटा म्हटल्यावर तुला जो विनोद सुचला असेल तो नीलाने आधीच केलाय.

खरी अडचण वहिनीची. वहिनी माळकरी. आणि चीज करताना दूध फाडायला जे लागतं ते मूळचं वासराच्या नाहीतर करडाच्या पोटातलं, हे मनूनेच आदल्या रात्री सांगितलं. मी म्हटलं, संपलं. भावाकडे इतक्या वर्षांनी जायचं आणि वहिनीची माळ बाटवायची! मनूने शांतपणे पाकीट उलटं करून हिरवा ठिपका दाखवला. आपल्याकडच्या बहुतेक चीजमधे आता ते काम बुरशीपासून काढलेलं विरजण करतं. तरी वहिनीसाठी तिने पनीरचंच ठेवलं, ते लिंबाने फाडलेलं. लसूण नाही, कांदा नाही. पनीर कापडात बांधून नुसतं निथळवलं, वजन ठेवून दाबलं नाही. दाबलेलं रवाळ राहतं, निथळलेलं दोन चमचे दूध घालून फिरवलं की लोण्यासारखं होतं. त्यात भाजलेले तीळ, मिरपूड, थोडा मध. मी चमचाभर चाखलं आणि मग नीलाने भांडं उचलून नेलं.

फेट्याचा प्रकार निराळा. ते खाऱ्या पाण्यात बुडवून येतं, त्यामुळे वरून मीठ घालायचं नाही. आधी एकटं कुस्करून मिक्सरमधे फिरवायचं, मग त्याच्या निम्मा चक्का. 400 ग्रॅमला 200. मधे मधे थांबून कडेचं खाली ओढायचं, नाहीतर पातं नुसतं हवेत फिरतं. आणि सलग फिरवायचं नाही, भांडं तापतं आणि सगळं पातळ होतं. शेवटी लिंबू, ऑलिव्ह तेल आणि, बसलायस ना नीट, शेपू. बारीक चिरलेला, कच्चा. मेसमधे गुरुवारी शेपू असला की तू ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचास. ग्रीक लोक तो दह्यात काकडीबरोबर हौसेने घालतात. तुझ्या नशिबी ग्रीस नव्हतं हे बरंच झालं.

तिसरं क्रीम चीज. ते फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवायचं, गार असताना फेटलं तर गुठळ्या राहतात आणि मग त्या काही केल्या मोडत नाहीत. याला मिक्सर नाही, केकवाला हातातला बीटर. मिक्सर नुसतं कापतो, बीटर हवा भरतो. पांढरं होऊन फुगेपर्यंत फेटायचं. त्यात गॅसवर भाजून सोललेली लाल ढोबळी मिरची, पाणी पार निपटून, आणि आईची ती लसूण-खोबऱ्याची लाल चटणी. म्हणजे आईच्या पद्धतीची. अण्णाच्या घरी आईची चटणी न्यायची की नाही यावर मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. तुला कळेल का ते. नीलाला समजावायला गेलो तर म्हणाली, झोप.

सकाळी सहाला निघालो. डबे थर्मोकोलच्या पेटीत, खाली-वर बर्फाच्या पिशव्या. असलं काही फ्रिजबाहेर 2 तासांवर ठेवायचं नाही, आणि 32 अंशांच्या वर ऊन असेल तर 1 तासावर नाही, असा अमेरिकेतल्या सरकारी खात्याचा दंडक आहे, तो मनूने शिरूरपर्यंत मला पाठ करायला लावला. मी मात्र शिरूरपासून राहुरीपर्यंत एकच वाक्य घोकत होतो, "अण्णा, कागदाचं नंतर बघू." म्हणायची वेळच आली नाही.

बांधावर आगटी पेटलेली. अण्णा स्वतः गोवऱ्यांत कणसं खुपसत बसला होता. वाळलाय रे. वर बघून म्हणाला, "आलात?" आणि परत खाली. बहुवचन होतं, एवढं मी टिपून ठेवलंय. ज्वारी कोणती पेरलीस विचारलं तर म्हणाला, फुले मधुर. विद्यापीठाची! जो माणूस गूळभेंडीशिवाय हुरड्याचं नाव घेत नसे, तो! म्हणजे माणूस बदलतो. किंवा बियाणं फुकट मिळालं असेल.

मनूने डबे उघडले. गाजर, मुळा, कडक भाकरीचे तुकडे मांडले. वहिनीने पनीरचं घेतलं, मनूच्या गालावरून हात फिरवला, झालं, त्या दोघी एक झाल्या. अण्णा बघत होता. मग त्याने काय करावं? गरम हुरडा तळहातावर चोळला, फुंकर मारली, आणि मूठभर सरळ त्या लाल डब्यात टाकून चमच्याने कालवून खायला लागला. दह्यात कालवतात तसा. मी श्वास धरून बसलेलो. चटणी ओळखली त्याने. ओळखलीच असणार. बोलला काही नाही. पण परत चोळला, परत टाकला. मग फेट्याचं चाखून म्हणाला, "मीठ जास्तीय," आणि तेही डबा तळाला जाईपर्यंत खाल्लं. शेपूसकट.

मग म्हणाला, "हे दूध कशाचं?" मनू म्हणाली, हे गाईचं, पण असली तिकडे ग्रीसमधे मेंढीचं करतात. अव्या, तिथून जो विषय निघाला तो दुपारपर्यंत. मेंढीच्या दुधाला स्निग्धांश गाईच्या दीडपट-दुपटीच्या घरात. अण्णा म्हणे, आपली दख्खनी मेंढी कोकरापुरतंच देते, धनगर शेतात बसवतो ते खतासाठी, दुधासाठी कोण बसवतं? मनूने सांगितलं की युरोपात 2002 पासून कायदाच आहे, ग्रीसबाहेर कोणी केलं तर त्याला फेटा हे नावच लावता येत नाही. दूध मेंढीचंच, फार तर 30 टक्क्यांपर्यंत शेळीचं चालतं. अण्णा लगेच म्हणाला, "मंगळवेढ्याच्या मालदांडीला मिळालंय की तसं." त्याला ठाऊक होतं! मग थोडं थांबून, आगटीत काठी घालत म्हणाला, "नाव लागलं की लागलं."

आता सांग. हे ज्वारीबद्दल होतं की सातबाऱ्याबद्दल? नीला म्हणते ज्वारीबद्दल. मनू म्हणते चीजबद्दल. मला त्या दोघींचा हेवा वाटतो. कारण बाकी दिवसभर जमिनीचा शब्द नाही, विहिरीचा नाही, रस्त्याचा नाही. विहिरीकडे मी गेलोही नाही. मोटर मात्र ऐकू येत होती, म्हणजे पाणी आहे. बबन तीनदा आजूबाजूला घुटमळून गेला, त्याला अण्णाने हुरडा दिला पण बस म्हणाला नाही. हेही लक्षात ठेव.

निघताना डिकीत कणसांची पिशवी, वाल, एक भोपळा. डबे मागितले तर वहिनी म्हणाली, रिकामे कसे देऊ? मनू म्हणाली, राहू देत काकू. आणि अण्णा गाडीच्या खिडकीशी येऊन मला, मला म्हणाला, "डबे घ्यायला ये. तेव्हा बोलू."

तेव्हा बोलू. तू त्याचं "बोलू" ऐकलंयस. तुझ्या स्कूटरच्या वेळी "बोलू" म्हणाला होता तेव्हा काय झालं? आणि माझ्या लग्नाच्या वेळी "बोलू" म्हणाला तेव्हा मात्र स्वतःच मांडव घालून दिला. म्हणजे दोन्हीकडे दाखले आहेत. सही हवी असती तर त्याच दिवशी कागद पुढे केला असता, आडपडदा त्याच्यात नाही. की मनूसमोर नको म्हणून थांबला? आणि समजा हक्कसोडच मागितला, तर द्यावा का? मी काही तिथे नांगर धरणार नाही. पण मनूने त्या दिवशी बांधावरून चालत जाताना विचारलं, "यातलं आपलं कुठून कुठपर्यंत?" आणि मला हात करून दाखवता आलं. ते सोडायचं म्हणजे काय सोडायचं, ते तूच सांग. तू सोडलंयस.

तुझं वाचलं. घर बदलताय ते बरं, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हा विचार कोणाचा? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं ना? चिन्मयला नोकरीबद्दल अभिनंदन सांग, मी वेगळं लिहितो (लिहिणार नाही, तूच सांग). दात काढलास की नाही?

महिनाअखेरीस जायचं म्हणतोय, हुरडा संपायच्या आत. तू नागपूरहून रात्रीच्या बसने नगरला उतर, मी तिथून उचलतो. तू असलास की अण्णा आधी तुला शिव्या घालतो आणि मग माझ्याशी नीट बोलतो. मनू डिप्स करणार आहे, मीठ कमी करून. अण्णासाठी फेटा दुधात भिजवून ठेवायचं म्हणतेय. तुझ्यासाठी बिनशेपूचा डबा वेगळा करू का, तेवढं कळव. आणि "करून टाक सही" असं एका ओळीचं उत्तर पाठवलंस तर ते मी मिळालं नाही असं धरीन.

तुझा,
दिल्या