नीसमधल्या अनोळखी मदतगारांचे आभार

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीसहून आई आणि मी सुखरूप परतलो. ज्यांची नावं विचारायचीही राहून गेली, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

मंगळवारी आम्ही चित्रकार शागालच्या संग्रहालयाच्या दारात, आणि दार बंद! मंगळवारी सुट्टी असते हे बघून न निघण्याचा गाढवपणा माझाच. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजींनी सांगितलं की चित्रकार मातीसचं संग्रहालयही आज बंदच असतं. मग त्यांनी आम्हाला सिमिए या टेकडीवरच्या भागाच्या बसमध्ये बसवून दिलं. तिथली ऑलिव्हची बाग, रोमन अवशेष आणि मठाजवळच्या दफनभूमीतली मातीसची साधीशी कबर, हे सगळं त्यांच्यामुळे पाहिलं. बुधवारी शागालची ती निळाई पाहताना आई बाकावरून उठेचना.

समुद्रावर वाळू नाही, नुसते गोल गोटे. आईचे गुडघे दुखरे. एका तरुणाने आपल्या रबरी चपला काढून तिच्या पायात सरकवल्या आणि हात धरून पाण्यापर्यंत नेलं. स्वतः मात्र अनवाणी, ओय ओय करत!

आणि जुन्या गावातले, सोक्का नावाचा तिथला खाऊ विकणारे काका. लाकडाच्या भट्टीतून भलंमोठं तांब्याचं ताट निघालं, वर मिरपूड पडली. पहिल्या घासालाच आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं!" मी खुणांनी ते काकांना समजावलं, तर त्यांनी आणखी एक तुकडा वाढला, कडेचा, कुरकुरीत. पैसे घेतले नाहीत.

मेर्सी. खूप खूप आभार.