उलट्या सायकलवरचा साइन

प्रिय ताई,

काल भाच्याच्या अकरावीच्या वहीत एक ओळ दिसली: साइन (१८०° + थीटा) = साइन १८०° + साइन थीटा. हीच चूक माझ्या वहीत तुला सापडली होती. तुझे आभार मानायचे तेव्हापासून राहूनच गेलेत.

घटक चाचणी दोन दिवसांवर होती. क्लासमध्ये सूत्रांचा तक्ता पाठ करायला दिला होता. चिन्ह कुठे बदलतं, साइनचा कोसाइन कुठे होतो, काही लक्षात राहत नव्हतं. तू वही मिटलीस. अंगणात सायकल उलटी उभी केलीस आणि मागच्या चाकाच्या व्हॉलला लाल रिबीन बांधलीस. "आसापासून व्हॉलपर्यंतचं अंतर एक धर. चाक आडव्या रेषेपासून जितकं फिरलं, तो कोन थीटा. रिबीन किती वर, तो साइन. किती बाजूला, तो कोसाइन."

अर्धा फेरा दिलास. रिबीन जितकी वर होती तितकीच खाली गेली, आणि १८०° मिळवल्यावर उणे कुठून येतं ते डोळ्यांना दिसलं. पाव फेऱ्यात आडवं अंतर उभं झालं: साइन (९०° + थीटा) म्हणजे कोसाइन थीटा. थीटा आणि उणे थीटा या दोन जागा बोटाने जोडून म्हणालीस, "ही धनुष्याची दोरी, ज्या. आर्यभटाने ४९९ साली हिच्याच अर्ध्याचं कोष्टक श्लोकात बसवलं." तो अर्धा म्हणजेच आपला साइन, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मग उदाहरण घातलंस. अंशात साइन (१८०° + थीटा) गुणिले साइन (९०° + थीटा), छेदात साइन (२७०° − थीटा) गुणिले साइन (३६०° − थीटा). २७०° पाशी मी अडकले. उत्तर न सांगता तू म्हणालीस, "थीटा शून्य घे." रिबीन तळाशी, उंची उणे एक. शून्याला एक होतो तो कोसाइन, म्हणून उणे कोसाइन थीटा. छेदातले दोन्ही उणे एकमेकांत गेले, अंशातला उरला. उत्तर उणे एक. ते मी स्वतः काढलं होतं!

त्या आठवड्यात तुझी स्वतःची बी.एस्सी.ची परीक्षा होती, हे आईकडून फार उशिरा कळलं. तरी ती पूर्ण संध्याकाळ तू मला दिलीस. ताई, मनापासून आभार.

भाच्याची सायकल गियरची आहे, पण व्हॉल तिलाही आहे. लाल रिबीन आणून ठेवली आहे.

तुझी,
शेजारची धाकटी