बाबांना बोलू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनवरच बोलले असते, पण चार वाक्यांनंतर मला धाप लागते आणि तू लगेच "आज काय खाल्लंस?" वर येतोस. म्हणून लिहिते आहे. दोन-तीन दिवस थोडं थोडं लिहितेय, अक्षर मध्येच बदललं तर त्याचा अर्थ काढत बसू नकोस.

निघायच्या दिवशी स्वयंपाकघरात तू बाबांना जे बोललास ते मला आतल्या खोलीत ऐकू आलं. "तिची नुसती हाडं राहिलीत, आणि तुम्ही वह्या कसल्या लिहिताय!" ते काहीच बोलले नाहीत. नळ सोडला आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. माईच्या वेळीही ते असेच करायचे, तू लहान होतास तेव्हा.

हा विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. रागवायला लिहीत नाहीये. एवढंच सांगायचंय की मी झिजतेय ती कुणी खायला कमी घातलं म्हणून नाही.

61 किलोंची 48 झाले. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त उतरलं की त्याला कॅकेक्सिया म्हणायचं. माझे 5 टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. ते तर निदान व्हायच्या आधीच गेले होते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात बहुतेकांचं असंच होतं. गेल्या वेळी त्यांनी स्कॅनमधला कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेला काप दाखवला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे करडे पट्टे दिसतात. पहिल्या स्कॅनमधले आणि आताचे शेजारी शेजारी ठेवले होते. मी तीस वर्षं माणसांची मापं घेतली, मला समजावून सांगावं लागलं नाही. घरी येऊन टेप काढली. माझा दंड अकरा इंच होता, आता साडेआठ.

कपडा शिवताना आपण आत माया सोडतो ना, पुढे उसवून सैल करता यावं म्हणून, तशी शरीरानेही सोडलेली असते. माणूस नुसता उपाशी राहिला तर शरीर आधी ती माया, म्हणजे चरबी, वापरतं. स्नायू होता होईतो राखतं, आणि खायला मिळालं की पुन्हा भरून निघतं. इथे तसं होत नाही. चरबी जाते आणि तिच्याबरोबर शिवणही उसवत जाते. या कॅकेक्सियाची जी व्याख्या 2011 साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवली, तिच्यातच म्हटलंय की नुसतं खाणं वाढवून हे पुरतं भरून येत नाही. हे वाक्य मी बाबांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ते उठून बाहेर गेले.

तू रसायनशास्त्राचा, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. गाठ ग्लुकोज अर्धंमुर्धं जाळते आणि लॅक्टेट बाहेर टाकते. यकृत त्या लॅक्टेटचं पुन्हा ग्लुकोज करतं. एका ग्लुकोजमागे गाठीला एटीपीचे, म्हणजे पेशींच्या इंधनाचे, 2 रेणू मिळतात, ते परत बनवायला यकृताचे 6 जातात. आतली सूज स्नायूंची प्रथिनं मोडायला लावते ती वेगळीच. म्हणजे मी पलंगावर पडून असते तेव्हाही आत काम चालूच असतं. तू अकरावीत असताना असलंच काहीतरी मोठ्याने पाठ करायचास आणि मी मशीनवर ऐकायचे. कळायचं नाही, पण पायडल थांबवून ऐकायचे. तुझा आवाज तेव्हाच फुटला होता.

आता कॅप्सूलचं. तो दोष माझा आहे. अन्न पचवणारा रस स्वादुपिंडातून यायचा, तो आता पुरेसा येत नाही, म्हणून त्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. ज्यांनी लिहून दिल्या त्यांनी हे सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिले तीन आठवडे जेवण झाल्यावर आठवण आली की घेत होते. पोटात गेलेलं तसंच बाहेर पडायचं, तेलकट, पाण्यावर तरंगणारं. लाज वाटायची म्हणून मी बाबांनासुद्धा सांगितलं नाही. मग त्यांना कुठून कळणार? आता मी घास हातात घ्यायच्या आधी बाबाच कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवतात.

आणि "इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही" असंही म्हणालास. पहिले पाच किलो उतरले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, तूसुद्धा. आठवतं? फोटो पाहून "आई, बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणाला होतास. त्याच सुमाराला साखर निघाली. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्या शंभरातल्या साधारण एकालाच पुढच्या तीन वर्षांत हा रोग सापडतो, बाकीच्यांना नुसता मधुमेहच असतो. साखर निघाली आणि वजन मात्र आपोआप उतरतंय, ही जोडी तेव्हा डॉक्टरांच्याही ध्यानात आली नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू राहिल्या. मग एकट्या बाबांनी ओळखायला हवं होतं, हे तू कसं म्हणतोस?

पुन्हा तिथेच आले बघ.

तू सिगारेट सोड. सोडली म्हणतोस, पण तुझ्या जॅकेटला वास होता. ओढणाऱ्यांना या रोगाचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. घरात माझं झालंय, त्यामुळे तुझा थोडा आधीच वाढलेला आहे. आपण आजार झाल्यावर धावतो, आधी अंगावर काढतो, ही आपल्या घराची सवय आहे आणि तू... राहू दे. आल्यापासून मी तुला एकदाही नीट जवळ घेतलं नाही आणि आता पत्रातून शिकवतेय. माफ कर.

तू पाठवलेली त्या नव्या औषधाची बातमी वाचली, पॉन्सेग्रोमॅबची. रक्तातलं जीडीएफ-15 नावाचं प्रथिन मेंदूला सांगतं की भूक नाही, आणि हे औषध त्यालाच धरून ठेवतं. 2024 साली 187 रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यात मोठा डोस घेतलेल्यांचं वजन 12 आठवड्यांनी, खरं औषध न मिळालेल्यांपेक्षा 2.8 किलोंनी जास्त भरलं. मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अजून चाचण्यांतच आहे. तू शोधलंस, मला बरं वाटलं. बातमी वाचताना एक गोष्ट मात्र कळली. तीन घासांत पोट भरतं, तोंडाला लोखंडाची चव येते, तो माझा हट्ट नाही. तुला तो हट्ट वाटत होता ना? तुझ्यासमोर घास रुमालात लपवला तोही त्यामुळेच.

तू चार वर्षांचा असताना तुला ताप होता. अंगात ताकद यावी म्हणून मी तुझं नाक दाबून, तोंड उघडायला लावून भरवलं. तू सगळं ओकलास, माझ्या अंगावर, मशीनवरच्या गिऱ्हाइकाच्या कापडावर. मी तुला एक फटका मारला. तू रडलासही नाहीस, नुसता बघत राहिलास. हल्ली रात्री मला ते डोळे दिसतात. तेव्हा मीही घाबरले होते, निखिल. परवा तू ताट माझ्यापुढे सरकवलंस तेव्हा तुझा हात तसाच थरथरत होता.

बाबा रात्री दोनला उठून विचारतात, "काही देऊ का?" मी नाही म्हटलं की वहीत "2.00, नको" असं लिहितात. ती वही तू नीट पाहिली नाहीस. किती घास, कितीची कॅप्सूल, साखर किती, सगळं आहे तिच्यात. आहारतज्ज्ञ बाईंनी ती पाहूनच दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं ठरवून दिलं.

गेल्या आठवड्यात बाबांनी त्यांची पँट कमरेत आत घ्यायला दिली. बसून शिवायला मला दोन दिवस लागले, मध्ये मध्ये पडत होते. दीड इंच घेतली. मी जेवत नाही म्हणून तेही जेवत नाहीत, आणि त्यांना काही रोग नाही. त्यांचं खाऊन भरून येणारं आहे. म्हणून रविवारी फोन केलास की मला विचारू नकोस. फोन त्यांच्याकडे द्यायला सांग आणि त्यांना विचार. त्या दिवशीचं काही काढायची गरज नाही, नुसतं विचार.

मी त्याच वहीच्या मागच्या पानावर आजपासून त्यांचं लिहायला सुरुवात केली आहे.

सकाळी: चहा.
दुपारी: माझ्या ताटात उरलेलं.

तुझी,
आई