टेलचं पाणी

फलटण
कार्तिक शुद्ध अष्टमी

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, "बाबा, एचबीए१सी ६.१ आलंय, बॉर्डरवर आहे, एवढं काही नाही." रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि तू लगेच चिऊच्या शाळेचा विषय काढलास. तुझ्या आईच्या ते लक्षात आलं नाही, माझ्या आलं. चोपन्नाव्या वर्षी मीही हेच वाक्य याच सुरात तिला ऐकवलं होतं. तू अजून चाळिशीलाही पोचला नाहीस. रागावण्यासाठी लिहीत नाही. फोनवर तू मध्येच "हो बाबा, हो बाबा" करतोस, कागदावर तुला तसं करता येणार नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन महिने तुझ्याकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला होतो. तू ऑफिसला गेलास की मला करमायचं नाही. एकदा सूनबाईनं जवळच्या गिला रिव्हर या मूळच्या रहिवाशांच्या वस्तीतलं संग्रहालय दाखवायला नेलं. तुमची घरं संपतात न संपतात तोच तिथली हद्द सुरू होते. नदीचं नाव ऐकून मी मोठ्या हौसेनं पाणी बघायला गेलो, तर समोर नुसती वाळू आणि झुडपं. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला कोरडी नदी दिसली की पहिला प्रश्न एकच पडतो : वर दार कोणी उघडलं?

तिथल्या माणसांना बाहेरचे लोक पिमा म्हणतात. ते स्वतःला अकिमेल ओओधाम म्हणवतात, म्हणजे नदीची माणसं. त्यांच्या पूर्वजांनी त्या वाळवंटात हातानं मैलोन्‌मैल कालवे खणले होते. फिनिक्स शहरातले आजचे काही कालवे त्याच जुन्या आखणीवरून जातात. तो नकाशा बघताना मी किती वेळ उभा होतो ते सूनबाईला विचार. लेव्हल मशीन नाही, थिओडोलाइट नाही आणि उतार इतका अचूक! १८४९ मध्ये सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला धावणाऱ्या गोऱ्या लोकांना वाटेत गहू मिळाला तो याच लोकांकडून. पुढे १८७० नंतर नदीच्या वरच्या अंगाला गोरे शेतकरी वसले, त्यांनी पाणी वळवलं आणि खालची शेतं सुकली. आपल्याकडे टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कसा ओरडतो ते तू लहानपणी आपल्या ओसरीवर ऐकलं आहेस. इथे अख्खी जमातच टेलला गेली. उपासमार झाली. पोट भरायला त्यांनी मेस्किटची झाडं तोडून लाकूड विकलं, आणि त्याच मेस्किटच्या गोड शेंगा दळून त्यांचं अन्न व्हायचं. १९३० मध्ये कूलिज धरणाचं उद्घाटन झालं, तरी पाणी पुरलं नाही. पाण्याऐवजी सरकारकडून शिधा यायला लागला : पांढरा मैदा, डुकराची चरबी, साखर.

हे वाचल्यावर मला एकदम १९७२ आठवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनवर यायची ती अमेरिकेतली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची, माझ्या आईच्या तोंडून शिव्या निघायच्या. पण त्या मिलोनंच आम्ही जगलो, हेही खरं. शिध्याला नावं ठेवणं भरल्या पोटाला सोपं असतं. आपल्याकडे चौऱ्याहत्तरपर्यंत पाऊस परतला आणि शाळूही परत आला. त्यांच्याकडे पाणी परतलंच नाही, म्हणून मैदा आणि चरबी पिढ्यान्‌पिढ्या ताटात राहिली.

मग पुढची गोष्ट. १९६५ पासून सरकारी संशोधक या वस्तीतल्या लोकांच्या रक्तातली साखर तपासत आले. इतका मधुमेह जगात फारच थोड्या ठिकाणी सापडला होता. लोक म्हणाले, यांचं रक्तच तसलं. जेम्स नील या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञांनी १९६२ मध्येच मांडून ठेवलं होतं की दुष्काळात तगून राहायला उपयोगी पडणारे काटकसरी जनुक सुकाळात उलटतात. पण त्याच रक्ताचे पिमा मेक्सिकोत सोनोराच्या डोंगरात मायकोबा नावाच्या गावी राहतात. मका, घेवडा, बटाटा खातात, शेतीची कामं हातानं करतात, चढ-उतार पायी तुडवतात. दोन्हीकडचा हिशेब २००६ मध्ये छापून आला : ॲरिझोनात शंभरात ३८ जणांना मधुमेह, मायकोबात ७ जणांनाही नाही. रक्त तेच होतं. बदललं होतं ते ताट आणि पायांचं काम.

तू म्हणशील, मी कुठे जाड आहे? तिथेच तर गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं कपड्यांत बारीक दिसतात आणि आतून लोणी साठवतात. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंसुद्धा वजनानं इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी कमी भरतात, पण चरबी त्या मानानं राखून असतात, हेही याज्ञिकांच्याच मंडळींनी दाखवलं. तेव्हा आरशात बघून निर्धास्त होऊ नकोस.

आता माझी कबुली. ओओधाम लोकांचं पाणी दुसऱ्यानं पळवलं. आपल्याकडे तसं झालं नाही. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन मी स्वतः सोडत होतो, आणि ज्या रानात तुझ्या आजोबांनी बाजरीत मटकी, हुलगा, तूर पेरली त्या रानात ऊस उभा राहताना मला आनंदच व्हायचा. पैसा आला, तुझं इंजिनिअरिंग झालं, मी तक्रार कशी करू? पण हुलग्याचं माडगं घरातून कधी गेलं ते कळलंसुद्धा नाही. पाहुण्यासमोर भाकरी वाढायची आपल्यालाच लाज वाटायला लागली. सकाळी चहात बुडवून बिस्किटं, दुपारी पोळी-भात, संध्याकाळी फरसाण. पाटावरची फेरी सायकलवरून मोटारसायकलवर गेली आणि माझी शुगर वर. आमचं कोणी हिसकावलं नव्हतं, आम्हीच हसतखेळत सोडून दिलं.

यावरून "जुनं ते सोनं" म्हणतोय असं समजू नकोस. तुझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, जगलो आम्ही पाच. एक भाऊ गोवरानं गेला, एक जुलाबानं. तुझ्या चिऊला त्या देशात लस आणि नळाचं शुद्ध पाणी मिळतं, ते मला हजार माडग्यांपेक्षा मोलाचं वाटतं. डॉक्टरांनी गोळी दिली तर मुकाट्यानं घे. आईनं कुणाकडून तरी ऐकून कारल्याचा रस सांगितला असेल, तो हवा तर पी, पण गोळीच्या जागी नको.

बॉर्डरवरून माणूस मागे फिरतो, हे अमेरिकेतल्याच एका मोठ्या प्रयोगात दिसलंय. त्याचा निकाल २००२ मध्ये आला. वजन सात टक्के उतरवायचं, आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढं ज्यांच्याकडून करून घेतलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नुसत्या गोळीवाल्यांत ३१ टक्क्यांनी. त्यात फिनिक्सकडचे मूळचे रहिवासीही होते. तुझं वजन ७६ आहे, म्हणजे पाच किलोंचं काम. दीडशे मिनिटं म्हणजे रोज वीस-बावीस. तेवढा वेळ तर तू गाडीत बसून कॉफीच्या रांगेत घालवतोस, मी मागच्या सीटवरून मोजलाय.

आणखी एक. त्या संग्रहालयातून निघताना मी टेपरी घेवड्याची एक पिशवी घेतली होती, आठवतं? ओओधाम लोकांच्या भाषेत त्याला बावी म्हणतात. जुलै-ऑगस्टमधल्या दोन-चार पावसांवर येणारं पीक, अगदी आपल्या मटकीसारखं चिवट. पचायला सावकाश, त्यामुळे साखर रक्तात एकदम उसळत नाही. मधल्या काळात पेरणारेच उरले नव्हते, आता त्यांच्यातली काही कुटुंबं पुन्हा पेरतात. २००४ च्या कायद्यानं त्यांना पाण्याचा हक्कही परत मिळाला, वर्षाला साडेसहा लाख एकर-फुटांच्या वर. मी बसल्या बसल्या हिशेब केला : साडेअठ्ठावीस टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, होतं. आपलं भाटघर धरण तुडुंब भरलं तरी साडेतेवीसच. शंभर-सव्वाशे वर्षं भांडून टेलच्या माणसानं एवढं पाणी मिळवलेलं मी नोकरीत कधी पाहिलं नाही.

आईनं त्या घेवड्याची गोडा मसाला घालून उसळ केली होती. तू दोन घास खाऊन पिझ्झा मागवलास. उरलेली पिशवी तुमच्या कपाटात, वरच्या फळीवर, ओट्सच्या डब्यामागे आहे.

इकडे बांधावर यंदा दोन ओळी हुलगा टाकलाय. शेजारचे हसतात. चिऊला पापे, सूनबाईला आशीर्वाद.

कळावे,
तुझे बाबा

ता. क. : आई म्हणते, तो घेवडा आदल्या दुपारीच भिजत घाल, रात्री घातला तर शिजत नाही. कुकरला सात-आठ शिट्ट्या तरी लागतील. मीठ शेवटी.